हिरव्या ठिपक्याचा पत्ता

रत्नागिरीत दिवेलागणीनंतर समुद्राच्या अंगाला जरा उंचावर उभं राहिलं की मासेमारीला गेलेल्या बोटींचे दिवे दिसायला लागतात. घाटावरून आलेल्या पाहुण्याला ते नुसते दिवे. तो मोबाइल काढतो. बोटीवर वाढलेला माणूस मात्र त्यातला हिरवा तेवढा वेचतो आणि सांगतो, ही आपल्याला उजवी बाजू दाखवून चाललीय. लाल दिसला तर डावी. दोन्ही एकदम दिसले तर तोंड आपल्याकडेच आहे. जहाजाच्या उजव्या अंगाला हिरवा आणि डाव्या अंगाला लाल हा नियम जगभर एकच. लहान होड्या तो किती पाळतात हे विचारू नये. पण नियमच ठाऊक नसला तर हिरवा दिवा म्हणजे काळोखातला एक ठिपका, त्यापलीकडे काही नाही.

पेशीत दिसणारा हिरवा ठिपका याच जातीचा. एखादं प्रथिन पेशीत नेमकं कुठे राहतं, केंद्रकात, पटलावर (पेशीच्या पातळ आवरणावर) की मायटोकॉन्ड्रियात, हे पाहायचं तर त्याच्या एका टोकाला चमकणारं दुसरं प्रथिन जोडायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली ती चमक शोधायची. सांगायला इतकं सोपं. चमक सापडतेही. अडतं ते पुढे, ती चमक नेमकी कसली आणि कुणाची हे ठरवताना. त्यासाठी चित्रातल्या हिरव्यापेक्षा काळं अधिक वाचावं लागतं.

आधी या उजेडाची जात. थंडीच्या दिवसांत कोकणातल्या काही किनाऱ्यांवर रात्री लाटा निळसर उजळतात. बहुतेक वेळा ते काम नॉक्टिल्युका नावाच्या एकपेशीय जीवाचं असतं. त्याला लाटेचा धक्का लागला की तो रासायनिक क्रियेतून स्वतःचा उजेड पाडतो. काजव्याचंही तसंच. ही जैवदीप्ती. दुसऱ्या प्रथिनाला जोडायचं आपलं हिरवं प्रथिन, म्हणजे जीएफपी (ग्रीन फ्लुरोसंट प्रोटीन), असं काही पेटवत नाही. ते उधारीवर जगतं: निळा उजेड घ्यायचा, थोडा स्वतःकडे मुरवायचा आणि उरलेला हिरवा करून परत द्यायचा. याला प्रतिदीप्ती म्हणतात. मुंबई-गोवा महामार्गाच्या कधीच न संपणाऱ्या कामावर माणसं जी भडक पोपटी जॅकेटं घालून उभी असतात, त्यांची चमक याच प्रकारातली.

हे प्रथिन मुळात समुद्रातलंच. १९६१ च्या उन्हाळ्यात ओसामू शिमोमुरा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर फ्रायडे हार्बरला इक्वोरिया व्हिक्टोरिया या जेलीफिशच्या मागे लागले. पकडलेल्या जेलीफिशची उजळणारी कड कापायची, ती कापडातून पिळायची आणि त्या रसातून उजेड पाडणारा पदार्थ वेगळा करायचा, असा उद्योग. त्या एका मोसमात सुमारे दहा हजार जेलीफिश लागले. निकामी म्हणून मोरीत ओतलेला रस अचानक निळा उजळला, कारण मत्स्यटाक्यांचं वाहून जाणारं समुद्राचं पाणी त्याच मोरीत पडत होतं. पाण्यातल्या कॅल्शियमने ते प्रथिन पेटवलं होतं. त्या निळ्या प्रथिनाला इक्वोरिन नाव मिळालं आणि त्याच्या शुद्धीकरणात एक हिरवं प्रथिनही हाताला लागलं. त्याचं मोल कळायला तीस वर्षं गेली. १९९२ मध्ये डग्लस प्रॅशरने त्याचं जनुक वेगळं केलं, १९९४ मध्ये मार्टिन चाल्फीने ते जिवाणूत आणि इवल्या गोलकृमीत चमकवून दाखवलं, रॉजर चेनने त्याला उजळ आणि रंगीबेरंगी केलं. २००८ चं नोबेल शिमोमुरा, चाल्फी आणि चेन यांना मिळालं. प्रॅशर त्या वेळी एका मोटारविक्रीच्या दुकानात गिऱ्हाइकांची ने-आण करणारी गाडी चालवत होता. ही गोष्ट वाचल्यावर जीएफपीचं कुठलंही चित्र थोडं वेगळं दिसतं.

जीएफपी म्हणजे २३८ अमिनो आम्लांची, ११ पट्ट्यांनी विणलेली एक उभी पिंपासारखी रचना. वजन २७ किलोडाल्टन (रेणूंचं वजन मोजायचं एकक). पिंपाच्या मधोमध, ६५ ते ६७ क्रमांकांच्या तीन अमिनो आम्लांपासून चमकणारा भाग आपोआप तयार होतो. त्यासाठी वेगळं रसायन घालावं लागत नाही, फक्त हवेतला ऑक्सिजन लागतो. पिंप उलगडलं की चमक गेली. हे एवढं लक्षात ठेवलं तर पुढच्या निम्म्या चुका टळतात. सुकवायला म्हणून पेशींवर मिथेनॉल ओतलं की पिंप उलगडतं आणि स्लाइड काळी पडते. मग दोष सूक्ष्मदर्शकाला दिला जातो.

जोडणी कुठल्या टोकाला करायची हा पहिला खरा निर्णय. प्रथिनांच्या अंगावरच त्यांचा पत्ता लिहिलेला असतो आणि तो बहुधा टोकाला असतो. मायटोकॉन्ड्रियात जाणाऱ्या बहुतेकांचा पत्ता सुरुवातीच्या टोकाला, पेशीबाहेर पडणाऱ्यांचाही तिथेच. पेरॉक्सिसोम नावाच्या पेशीतल्या लहान पिशवीत जाणाऱ्या अनेकांचा मात्र अगदी शेवटच्या तीन अमिनो आम्लांत. मायटोकॉन्ड्रियाच्या प्रथिनाला सुरुवातीला जीएफपी चिकटवलं तर पत्त्यावरच तिकीट डकवल्यासारखं होतं. पोस्टमन पाकीट फिरवून फिरवून बघतो आणि शेवटी पेशीद्रवात टाकून देतो. आपण मात्र शोधनिबंधात लिहितो, की हे प्रथिन पेशीद्रवात असतं. म्हणून दोन्ही टोकांना जोडून दोन वेगवेगळी बांधणी करावी, दोन्हींची चित्रं जुळली तरच पुढे जावं. मधे १० ते १५ अमिनो आम्लांचा ग्लायसीन-सेरीनचा लवचीक दोर ठेवला तर दोन्ही प्रथिनांना हातपाय पसरायला जागा मिळते.

दुसरा घोळ याहून लबाड. पेशीची कात्री कधी कधी जोडणीच कापते. मोकळं सुटलेलं जीएफपी २७ किलोडाल्टनचं, म्हणजे केंद्रकाच्या छिद्रांतून आपसूक ये-जा करण्याइतकं लहान. मग केंद्रकही हिरवं, पेशीद्रवही हिरवं, आणि चित्र इतकं गोड दिसतं की ‘दोन्हीकडे आढळणारं प्रथिन’ असा निष्कर्ष हातातोंडाशी येतो. तो तोंडात घालण्याआधी त्याच पेशींचा वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी करून पट्ट्यांत दाखवणारी चाचणी, करावा. पट्टा जोड-प्रथिनाच्या पूर्ण वजनावर आला तर ठीक. २७ वर ठसठशीत आला तर आपण आपल्या प्रथिनाचा पत्ता पाहिलेलाच नाही, सुटलेल्या दिव्याचा पाहिला आहे.

आता प्रत्यक्ष काम. शिकण्यासाठी कांद्याच्या पापुद्र्यासारखं दुसरं साधन नाही, आणि अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या मुलखात ते मिळायला अडचण नाही. कांद्याची जाड पाकळी घ्यायची, आतल्या बाजूचा पारदर्शक पापुद्रा चिमट्याने सोलायचा, तो पोषक आगरवर उताणा पसरायचा. त्यावर १ मायक्रॉनच्या सोन्याच्या कणांना डीएनए चोपडून, १,१०० पीएसआय दाबाने, जीन गनमधून मारा करायचा. मग १६ ते २४ तास अंधारात ठेवायचं. कण ज्या पेशींच्या केंद्रकात नेमके बसले त्याच पेशी उजळतात. पापुद्र्यात शेकडो पेशी असल्या तरी उजळणाऱ्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे अपयश वाटतं. खरं तर हीच पापुद्र्याची मोठी सोय आहे. उजळलेल्या पेशीला लागून जी काळी शेजारीण बसलेली असते, ती त्याच कांद्याची, त्याच दिवशीची, त्याच उजेडात न्हालेली. फरक फक्त इतकाच की तिच्यात आपलं जनुक गेलेलं नाही. उजळ पेशीतल्या हिरव्यातून या शेजारणीचं हिरवं वजा करा. उरेल ते आपलं.

शेजारणीतही हिरवं असतंच. पेशीभित्ती स्वतः थोडी चमकते, मार बसून मेलेल्या पेशी तर चांगल्याच पिवळट-हिरव्या उजळतात. पापुद्र्याऐवजी पान घेतलं तर हरितद्रव्याचा लाल उजेड ६८० नॅनोमीटरच्या आसपास भरभरून येतो, शिरांतल्या लाकडी भित्ती निळ्या-हिरव्या चमकतात. जनावरांच्या पेशींत फ्लेविन, आणि पोषक द्रावातलं फिनॉल रेड. या सगळ्याला स्वतःची चमक म्हणतात. तिचा रंग नकाशासारखा पाठ असलेला बरा, कारण ती कुठल्या जागी चमकते तेही ठरलेलं असतं आणि त्याच जागेला नवखा माणूस ‘माझं प्रथिन’ म्हणून बसतो.

पापुद्र्याची दुसरी मजा मिठात आहे. वनस्पतीपेशीच्या मधे पाण्याची भली मोठी पिशवी असते, रिक्तिका. ती फुगून पेशीद्रवाला भिंतीशी दाबून धरते, इतकी की पेशीद्रवाचा थर एखाद्या मायक्रॉनचा उरतो. त्यामुळे पेशीद्रवात पसरलेलं प्रथिन, पटलावरचं प्रथिन आणि भित्तीतलं प्रथिन तिन्ही एकाच चौकटीसारखी रेघ होऊन दिसतात. सूक्ष्मदर्शक लाखाचा असो की कोटीचा, ही रेघ फुटत नाही. मग स्वयंपाकघरातली युक्ती करायची. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं आणि फोडी आक्रसतात. तेच पेशीला करायचं. ०.८ मोलर मॅनिटॉल, म्हणजे १० मिलिलिटर पाण्यात १.४६ ग्रॅम, कव्हरस्लिपच्या एका कडेने सोडायचं आणि दुसऱ्या कडेला टिपकागदाचा तुकडा लावून ओढून घ्यायचं. मॅनिटॉल नसेल तर ५ टक्के मीठही भागवतं, पण पेशी लवकर मरतात. पाच-दहा मिनिटांत पेशीचा जिवंत ऐवज भित्तीपासून सुटून आत गोळा होतो. भित्ती जिथल्या तिथे राहते.

इथे थांबून बघण्यासारखं आहे. रेघ भित्तीबरोबर बाहेर राहिली तर प्रथिन भित्तीत. आत गोळा झालेल्या ऐवजाच्या कडेला धारदार रेघ उमटली तर पटलावर. आणि तशी ती असेल तर गोळ्यापासून भित्तीपर्यंत ताणलेले केसाहून बारीक हिरवे धागेही दिसतात, कारण पटल भित्तीला काही ठिकाणी घट्ट चिकटलेलं असतं आणि सुटताना ओढलं जातं. नारळ सोलताना करवंटीला चिकटून राहणाऱ्या काथ्यासारखे. पेशीद्रवातलं प्रथिन असेल तर गोळ्याच्या आत जिथे जिथे जागा सापडली तिथे ते पसरतं आणि रिक्तिकेतून जाणाऱ्या दोऱ्यांमधून वाहताना दिसतं. ते खरोखर वाहतं. वीस सेकंद डोळा लावून बसलं तर कण पुढे सरकताना दिसतात. दहा रुपयांच्या मिठाने जे उत्तर मिळतं ते नुसत्या महागड्या लेन्सने मिळत नाही, हे माझं मत मी बदलायला तयार नाही.

जनावरांच्या पेशी असतील तर वाट वेगळी. कव्हरस्लिपवर पेशी वाढवायच्या, डीएनए आत घातल्यावर १८ ते २४ तासांत बघायच्या. ४८ तास थांबलं की जोरदार प्रवर्तकामुळे (जनुक चालू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्यामुळे) प्रथिन इतकं साठतं की त्याच्या गुठळ्या होतात, आणि गुठळी ही जागा नव्हे. सर्वांत उजळ पेशी निवडायचा मोह इथेच सोडावा. मंद पेशी खऱ्या बोलतात. साधं जीएफपी दाटीत एकमेकांना चिकटतं, म्हणून पटलावरच्या प्रथिनांसाठी २०६ क्रमांकाचं अलानीन बदलून लायसीन केलेलं, एकलकोंडं जीएफपी घ्यावं. स्थिर करायला ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड, पीएच ७.४ च्या फॉस्फेट बफरमध्ये, १० ते १५ मिनिटं. ताजं केलेलं किंवा उणे २० अंशांवर गोठवून ठेवलेलं. महिनाभर फ्रिजमध्ये पडलेलं वापरलं की पाठीमागचं काळं करडं होतं. नंतर ५० मिलिमोलर अमोनियम क्लोराइडने १० मिनिटं धुतलं तर उरलेलं फॉर्मल्डिहाइड गप्प बसतं. आणि कव्हरस्लिपच्या कडा बंद करायला सरसकट नेलपॉलिश फासू नये. त्यातले द्रावक आत शिरून जीएफपीची चमक खातात. घट्ट होणारं माउंटिंग माध्यम रात्रभर सुकू द्यावं. घाई असेल तर सिलिकॉनची वंगणरेघ ओढावी.

आम्लाची एक गोष्ट इथे सांगूनच टाकतो. नेहमीच्या सुधारित जीएफपीची चमक पीएच ६ पाशी निम्म्यावर येते. लायसोसोमचा, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशवीचा, पीएच ४.५ ते ५. म्हणजे प्रथिन लायसोसोममध्ये पोचलं तरी दिवा तिथे विझतो आणि आपण लिहितो, ‘लायसोसोममध्ये आढळलं नाही’. एमचेरी हे लाल चमकणारं प्रथिन आम्लात तग धरतं. त्यामुळे शंका असली की दोन्ही दिवे एकाच प्रथिनाला लावतात: दोन्ही दिसले तर बाहेर, नुसता लाल उरला तर आत. काळा भाग कधी कधी भरलेलाही असतो, तो असा.

सूक्ष्मदर्शकाकडे वळू. साध्या फ्लुरोसन्स यंत्रात एक चौकोनी ठोकळा असतो, त्यात तीन काचा: ४७० च्या आसपासचा निळा आत सोडणारी, ४९५ पाशी निळा परतवून हिरवा पलीकडे जाऊ देणारी तिरकी, आणि ५२५ भोवतीचाच हिरवा डोळ्यापर्यंत पोचवणारी. घेतलेला उजेड ४८८, दिलेला ५०९. मधली फट जेमतेम वीस नॅनोमीटरची. आत जाणारा उजेड परत येणाऱ्याच्या हजारो-लाखो पटींनी प्रखर असतो, म्हणून या काचांवर एक ओरखडा पडला तरी पार्श्वभूमी धुकट होते.

आणि इथे कोकणाचा विषय निघतोच. या किनाऱ्यावर सूक्ष्मदर्शकाचा पहिला शत्रू बुरशी. जुलैत बाहेर ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २७ अंशांच्या आसपास येतो. २२ अंशांच्या वातानुकूलित खोलीतलं ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याजवळचं भिंग) कुणी बाहेर आणलं, किंवा दुपारी वीज गेली म्हणून दारं-खिडक्या उघडल्या, तर थंड काचेवर पाणी धरतं. ते वरून पुसता येतं. दोन भिंगांच्या मधे धरलेलं पुसता येत नाही, आणि तिथेच कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे तंतू वाढतात. त्यांच्या आम्लाने काचेवरचा लेप खाल्ला की पुढे साफसफाई करून उपयोग नाही. दिवसा एसी लावायचा आणि रात्री बंद करायचा ही पद्धत सर्वांत वाईट, कारण रोज एकदा थंड-गरम होतं. एसी बंद ठेवला तरी चालेल, पण आर्द्रता शोषणारं यंत्र अहोरात्र चालू हवं, खोली ५० टक्क्यांच्या आत हवी. वीज टिकत नसेल तर ऑब्जेक्टिव्ह काढून झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवावीत. निळं जेल गुलाबी झालं की ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास तापवलं की पुन्हा निळं होतं. मॉन्सूनमध्ये हे काम आठवड्याचं आहे, महिन्याचं नव्हे.

दुसरा शत्रू मीठ. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या प्रयोगशाळेत खारा वारा उघड्या खिडकीतून येऊन भिंगावर अदृश्य कण बसवतो. लेन्स-पेपरने कोरडंच घासलं की ते कण वाळूकागदाचं काम करतात. शिवाय मीठ इथरमध्ये विरघळत नाही. आधी रबरी फुंकणीने हवा, मग ऊर्ध्वपातित पाण्याने ओलावलेला लेन्स-पेपर, मग इथर-अल्कोहोलचं मिश्रण. क्रम उलटा केला की लेप गेला.

तिसरा त्रास विजेचा. जुन्या यंत्रांत १०० वॉटचा पारा-दिवा असतो, आयुष्य २०० तासांच्या आसपास. तो एकदा विझला की अर्धा तास निवल्याशिवाय पेटवू नये. आपल्याकडे वीज दहा मिनिटांत जाते-येते. मग कुणीतरी घाईत बटण दाबतो आणि बल्ब फुटला तर पाऱ्याची वाफ खोलीभर. यूपीएस नसेल तर पारा-दिवा ठेवूच नये, एलईडीचा प्रकाशस्रोत घ्यावा. थोडा महाग वाटला तरी दोन वर्षांत फिटतो.

बुरशी आली आहे का हे चित्र बिघडण्याआधी कळण्याचा उपाय म्हणजे ०.१ मायक्रॉनचे चमकणारे मणी. असा एक मणी नाभीत आणा, मग फोकस वर न्या आणि खाली न्या. दोन्हीकडे सारखी, गोल, एकात एक वर्तुळं उमटली तर ऑब्जेक्टिव्ह ठीक. एकीकडे वर्तुळं आणि दुसरीकडे नुसता धूर दिसला तर गोलीय विपथन, म्हणजे कव्हरस्लिपची जाडी किंवा तेल चुकलं. वर्तुळं एका बाजूला शेपूट काढत असतील तर भिंग तिरकं किंवा घाण. कव्हरस्लिप ०.१७ मिलिमीटरची हवी, पाकिटावर १.५ क्रमांक असतो. बाजारात १ क्रमांकाची सर्रास मिळते आणि ती पातळ असते.

पुढचा प्रश्न, किती बारीक दिसेल. समुद्रात दूरवर एकाच बोटीवरचे दोन दिवे एक होऊन दिसतात. बोट जवळ आली की फुटतात. पेशीत जवळ येणं नसतं, तिथे भिंगाचं तोंड किती रुंद यावर ठरतं. १८७३ मध्ये अर्न्स्ट आबेने मांडलेला हिशेब: तरंगलांबीला भिंगाच्या छिद्रांकाच्या, म्हणजे त्या रुंदीच्या मापाच्या, दुपटीने भागा. १.४ छिद्रांकाच्या तेलाच्या भिंगाने, ५०९ ला २.८ ने भागल्यावर, १८२ नॅनोमीटर. कोरड्या ०.७५ च्या भिंगाने ३३९. उभ्या दिशेला याहून वाईट, पाऊण मायक्रॉनच्या आसपास. मायटोकॉन्ड्रियाची जाडी अर्धा मायक्रॉन, म्हणजे तो वेगळा दिसतो. पण त्याच्या आतल्या आणि बाहेरच्या पटलात दहा-वीस नॅनोमीटरचंच अंतर, ती रेघ एकच. ‘आतल्या पटलावर आढळलं’ असं साध्या चित्रावरून म्हणणाऱ्याला विचारावं, की कसं मोजलं.

कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाचा कल्पक भाग एका छिद्रात आहे. मार्विन मिन्स्कीने १९५७ मध्ये त्याच्या पेटंटचा अर्ज केला: एका वेळी एकच बिंदू उजळायचा आणि परतणारा उजेड एका बारीक छिद्रातून घ्यायचा, म्हणजे नाभीच्या वर-खालून येणारा धूसर उजेड बाहेरच अडतो. छिद्र एक एअरी एककाला, म्हणजे एका बिंदूच्या उजेडाच्या मधल्या चकतीएवढं, ठेवावं. मंद नमुना म्हणून ते मोठं केलं की चित्र उजळ होतं आणि कॉन्फोकल असण्याचं कारणच संपतं. पिक्सेल ८० नॅनोमीटरचा, उभ्या कापांत ०.३ मायक्रॉन अंतर. कॅमेऱ्याचं यंत्र असेल तर भागाकार करा: ६.५ मायक्रॉनचा पिक्सेल १०० पटीच्या भिंगाखाली ६५ नॅनोमीटर होतो, ६० पटीखाली १०८. दुसरा अपुरा. कांद्याच्या पापुद्र्यासाठी तेलाऐवजी पाण्याचं भिंग घ्यावं. पेशी पाण्याने भरलेली असते, तेलाचा अपवर्तनांक १.५१५ आणि पाण्याचा १.३३, त्यामुळे तेलाने १०-२० मायक्रॉन खोल गेलं की चित्र विस्कटतं.

उजेडाची पातळी ठरवताना सर्वांत उजळ पिक्सेल १२ बिटच्या मोजपट्टीवर ४०९५ ला टेकू देऊ नये. बंदी असूनही रात्री एलईडीचे झोत लावून मासेमारी करणाऱ्या बोटींशेजारी लहान होडीचा कंदील दिसत नाही. पिक्सेल भरून गेले की तसंच. तळही शून्यावर आणू नये. शून्य करून मिळालेलं छान काळं म्हणजे मंद भाग पुसून टाकलेलं काळं. आणि न उजळलेल्या पेशींचं चित्र अगदी त्याच लेसरशक्तीवर, त्याच गेनवर काढावं. तिथे जरा जरी हात इकडचा तिकडे झाला तरी वजाबाकी खोटी.

दोन रंगांचा खेळ आला की पिवळा रंग फसवायला येतो. आपलं प्रथिन हिरवं, ओळखीचा मायटोकॉन्ड्रिया लाल, एकावर एक ठेवलं आणि हापूससारखं पिवळं दिसलं की आनंद. पण जीएफपीच्या उजेडाची शेपटी लाल खिडकीत डोकावते. म्हणून ४८८ आणि ५६१ हे लेसर एकदम न लावता आळीपाळीने लावायचे, आणि नुसत्या हिरव्या पेशींची स्लाइड लाल खिडकीतून बघायची: तिथे जे दिसेल तेवढी गळती. वेगवेगळे रंग एकाच भिंगातून किंचित वेगळ्या ठिकाणी पडतात, ते किती हे चार रंगांत चमकणाऱ्या मण्यांनी मोजावं. आणि एक उलटतपासणी: एक चित्र ९० अंश फिरवून पुन्हा जुळणी मोजा. फिरवूनही पिअर्सनचा, म्हणजे जुळणी मोजणारा, आकडा तितकाच राहिला तर ती जुळणी गर्दीतली आहे, घरातली नव्हे. पिवळ्याऐवजी किरमिजी आणि हिरवा वापरला तर लाल-हिरवा भेद न कळणाऱ्यांनाही चित्र वाचता येतं.

१८२ नॅनोमीटरच्या पलीकडे जायचं तर काजव्यांची पद्धत. मेच्या शेवटी, मृगाच्या आधी, एखादं झाड काजव्यांनी लखलखतं. सगळे एकदम पेटले तर झाडाच्या आकाराचा धूसर गोळा दिसेल. पण ते वेगवेगळ्या क्षणी लुकलुकतात, म्हणून एकेकाचं पान ठरवता येतं. २००२ मध्ये जांभळ्या उजेडाने पेटणारं जीएफपी तयार झालं आणि २००६ मध्ये एरिक बेट्झिग आणि सहकाऱ्यांनी अशी पेटवता येणारी प्रथिनं या पद्धतीने वापरली: एका चौकटीत मोजकेच रेणू पेटवायचे, प्रत्येक ठिपक्याचा मध्य काढायचा, ते विझले की पुढची चौकट; अशा हजारो. ठिपका पसरट असला तरी मध्य काढायला हरकत नसते. ठिपक्याच्या पसाऱ्याला फोटॉनच्या संख्येच्या वर्गमुळाने भागलं की अचूकता मिळते. १०० नॅनोमीटर पसारा, ४०० फोटॉन, म्हणजे कागदावर ५ नॅनोमीटर. प्रत्यक्षात २० मिळाले तरी उत्तम. एसीचा कॉम्प्रेसर चालू-बंद होताना यंत्राची धातू तेवढी सहज सरकते. म्हणून स्लाइडवर सोन्याचे बारीक कण चिकटवून त्यांच्या हालचालीने चित्र सरळ करतात, आणि यंत्र दोन तास आधी चालू करून ठेवतात. २०१४ चं नोबेल या कामालाही मिळालं, बेट्झिगबरोबर स्टेफान हेल आणि विल्यम मोर्नर यांना.

काम संपलं की तेल पुसायचं, एकदा कोरड्या लेन्स-पेपरने टिपून आणि एकदा द्रावणाने, घासून नाही. कमी पटीचं भिंग खाली आणून ठेवायचं, स्टेज मधोमध. पारा-दिवा असेल तर किती तास जळला ते वहीत लिहायचं. सिलिका जेलचा रंग बघायचा. जीएफपीची स्लाइड फ्रिजमध्ये, अंधाऱ्या डब्यात. आणि न उजळलेल्या पेशींची स्लाइड तिच्याच शेजारी. उद्या सकाळी आधी तीच लावायची.